सोलापुरातील रस्ता रुंदीकरण व वायुगुणवत्ता परिणामांचे मूल्यमापन

रस्ता रुंदीकरणाचे वायुगुणवत्ता परिणाम मूल्यमापन म्हणजे अस्तित्वात असलेला रस्ता रुंद केल्याने त्याच्या आसपासच्या हवेत कोणते बदल होतील, ते किती अंतरापर्यंत जाणवतील आणि कोणत्या वस्तीला त्यांची झळ बसेल, याचा काम सुरू होण्यापूर्वी घेतलेला शास्त्रीय अदमास होय. महामार्गांच्या बाबतीत हे मूल्यमापन पर्यावरणीय आघात मूल्यमापनाचा एक भाग असते. शहरांतर्गत रस्त्यांच्या बाबतीत मात्र भारतात ते सहसा बंधनकारक नाही. महाराष्ट्रातील सोलापूर शहर व जिल्ह्यात दोन्ही प्रकारची रुंदीकरणे झालेली असल्यामुळे या विषयाचे जवळजवळ सर्व पैलू येथे एकत्र पाहावयास मिळतात.

पार्श्वभूमी

सोलापूर दख्खनच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५७ मीटर उंचीवर वसलेले आहे. हा प्रदेश पर्जन्यछायेत येतो. पाऊस मुख्यतः जून ते ऑक्टोबर या काळात आणि तोही बेभरवशाचा असतो. एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते. भोवतालची जमीन बहुतांशी काळी, खाली बेसाल्टचा खडक आणि मुरूम. अशा कोरड्या मुलखात रस्त्याची साइडपट्टी उघडी राहिली की वर्षातील सात-आठ महिने धुळीला तोटा नसतो.

२०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९.५१ लाख होती. पुणे-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग ६५ (पूर्वीचा क्रमांक ९) आणि धुळे, छत्रपती संभाजीनगर, बीड, तुळजापूरमार्गे येऊन विजयपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ५२ हे दोन मोठे मार्ग येथे एकमेकांना भेटतात. शहरातील रस्त्यांची नावेच ते कोठे जातात हे सांगतात : विजापूर रस्ता, होटगी रस्ता, अक्कलकोट रस्ता, तुळजापूर रस्ता, हैदराबाद रस्ता, बार्शी रस्ता. लांब पल्ल्याची मालवाहतूक दीर्घकाळ याच रस्त्यांवरून, म्हणजे वस्तीच्या मधून जात असे. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून पुणे, हैदराबाद आणि विजयपूर या दिशांचे महामार्ग चौपदरी झाले. केगाव-हत्तूर वळणरस्त्यामुळे विजयपूरकडील जड वाहतुकीला शहराबाहेरून वाट मिळाली.

केंद्र शासनाने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम जाहीर केला. हवेची राष्ट्रीय मानके सातत्याने ओलांडणाऱ्या शहरांच्या यादीत महाराष्ट्रातील इतर शहरांबरोबर सोलापूरचाही समावेश आहे. कार्यक्रमाचे मूळ उद्दिष्ट २०१७ च्या तुलनेत २०२४ पर्यंत धूलिकणांचे प्रमाण २० ते ३० टक्क्यांनी घटवण्याचे होते. पुढे ते २०२५-२६ पर्यंत ४० टक्के असे वाढवण्यात आले. शहरातील हवेची नियमित मोजणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यक्रमांतर्गत होते. वालचंद तंत्रज्ञान संस्थेचे आवार आणि सात रस्ता ही त्यातील जुनी केंद्रे होत. एक शैक्षणिक संस्थेच्या आवारात, तर दुसरे वाहनांनी गजबजलेल्या चौकाजवळ असल्याने शहराची सर्वसाधारण हवा आणि रस्त्याकडेची हवा यांतील फरक पाहण्यास ही जोडी उपयोगी पडते.

रस्ता हा सोलापूरच्या हवेवर परिणाम करणारा एकमेव घटक नाही. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी येथे १,३२० मेगावॅट क्षमतेचा कोळशावरील औष्णिक विद्युत प्रकल्प आहे, जिल्ह्यात साखर कारखान्यांची संख्या मोठी आहे, आणि कचरा व लाकूडफाटा जाळण्याचा धूर आहेच. म्हणून रुंदीकरणाचे मूल्यमापन करताना हवेत आधीच असलेले प्रदूषण आणि रस्त्यामुळे पडणारी भर ही दोन वेगळी मोजावी लागतात.

कायदेशीर चौकट

भारतात पर्यावरण (संरक्षण) अधिनियम, १९८६ अन्वये पर्यावरणीय आघात मूल्यमापनाची पहिली अधिसूचना २७ जानेवारी १९९४ रोजी निघाली. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. या अधिसूचनेच्या अनुसूचीतील ७(फ) ही नोंद महामार्गांविषयी आहे. मूळ तरतुदीनुसार ३० किलोमीटरपेक्षा अधिक लांबीच्या आणि २० मीटरपेक्षा अधिक जादा रुंदीची जमीन लागणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणास पर्यावरणीय मंजुरी आवश्यक होती. २२ ऑगस्ट २०१३ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शिथिल केली. तेव्हापासून लांबी १०० किलोमीटरपेक्षा अधिक असेल आणि जुन्या मार्गावर ४० मीटरपेक्षा किंवा नव्या वळणावर अथवा वळणरस्त्यावर ६० मीटरपेक्षा अधिक जादा जमीन लागणार असेल, तरच मंजुरी घ्यावी लागते. राज्य महामार्गांच्या रुंदीकरणाला ती मुख्यतः १,००० मीटरपेक्षा उंच डोंगराळ भागात किंवा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रातच लागते. महानगरपालिकेचे रस्ते आणि जिल्हा मार्ग या नोंदीत मुळातच नाहीत.

ही चाळणी लांबीची आणि जमिनीची आहे; रस्त्याकडेला किती माणसे राहतात याची नाही. परिणामी माळरानातून जाणाऱ्या दीर्घ महामार्गाचा अभ्यास होतो, पण शहरातील दोन किलोमीटरचा रस्ता ९ मीटरचा १८ मीटर झाला तर त्याच्या हवेवरील परिणामाचा स्वतंत्र अहवाल मागणारी तरतूद सापडत नाही, मग त्या दोन किलोमीटरांत हजारो लोक राहत असले तरी. सोलापूर-विजयपूर चौपदरीकरण सुमारे ११० किलोमीटर लांबीचे आणि दोन राज्यांतून जाणारे. विजापूर रस्त्याचा शहरातील भाग त्या मानाने अगदी लहान. श्वास घेणाऱ्या माणसांची दर किलोमीटर संख्या मात्र दुसऱ्या ठिकाणी कितीतरी अधिक आहे.

लांबीची मर्यादा ठेवल्याने प्रकल्पाचे तुकडे पाडण्याचा मार्गही मोकळा राहतो. उत्तराखंडमधील सुमारे ९०० किलोमीटरचा चारधाम महामार्ग ५३ भागांत विभागला गेला आणि प्रत्येक भाग १०० किलोमीटरच्या आत असल्याने संपूर्ण प्रकल्पाचे मूल्यमापन झाले नाही, हा आक्षेप सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता.

शहरातील रुंदीकरण महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ खालील विकास आराखड्यातील आरक्षणानुसार किंवा महानगरपालिका अधिनियमातील रस्त्याची नियमित रेषा ठरवण्याच्या अधिकारानुसार होते. या दोन्ही कायद्यांचा रोख जमीन, बांधकाम आणि मोबदला यांवर आहे. हवेचा संबंध येतो तो आडमार्गाने : झाडे तोडायची असतील तर महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार परवानगी लागते, खडीक्रशर व हॉटमिक्स प्लँट यांना वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९८१ नुसार प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते, आणि महानगरपालिकेला दरवर्षी पर्यावरण सद्यःस्थिती अहवाल तयार करावा लागतो.

सोलापूर जिल्ह्याच्या बाबतीत एक विरोधाभास नोंदवण्यासारखा आहे. नान्नज परिसरातील माळढोक पक्षी अभयारण्य १९७९ मध्ये घोषित झाले तेव्हा त्याचे क्षेत्र सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटर होते व त्यात असंख्य गावे आणि रस्ते येत. त्या क्षेत्रातील रस्त्यांच्या कामांना वन्यजीव कायद्याखालील परवानगीची अडचण येई. पुढे अभयारण्य सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यात आले. माळढोकाच्या अधिवासातून रस्ता नेताना कायद्याने जो प्रश्न विचारला, तो प्रश्न दाराशी रस्ता येणाऱ्या माणसाच्या वतीने कोणी विचारावा, याची सोय अद्याप झालेली नाही.

ब्रिटनमधील पद्धत तुलनेसाठी उद्बोधक आहे. तेथील राष्ट्रीय महामार्गांच्या आराखडा नियमावलीत रस्त्याच्या लांबीऐवजी परिणामाची विचारणा होते. दररोजच्या सरासरी वाहनसंख्येत १,००० किंवा अधिक, अथवा जड वाहनांत २०० किंवा अधिक बदल होणार असेल, वेगाचा गट बदलणार असेल किंवा रस्त्याची कड ५ मीटर अथवा अधिक सरकणार असेल, तर त्या रस्त्यापासून २०० मीटरच्या आतील घरे, शाळा व रुग्णालये तपासली जातात. हा ५ मीटरचा निकष सोलापूरच्या पेठांतील कोणत्याही रुंदीकरणाला लागू पडला असता.

रुंदीकरणाने हवा कशी बदलते

रुंदीकरणाच्या समर्थनार्थ सर्वसाधारणपणे असे सांगितले जाते की कोंडी कमी झाली की इंधन कमी जळते आणि हवा स्वच्छ होते. हे विधान अर्धे खरे आहे. थांबत-थांबत चालणारे वाहन प्रत्येक किलोमीटरमागे अधिक धूर सोडते, हे मोजमापांनी सिद्ध झालेले आहे. परंतु एकूण उत्सर्जन म्हणजे प्रतिवाहन उत्सर्जन गुणिले वाहनांची संख्या. उदाहरणादाखल, वेग वाढल्याने प्रतिवाहन उत्सर्जन एक-चतुर्थांशाने घटले आणि त्याच काळात वाहने एक-तृतीयांशाने वाढली, तर गुणाकार पुन्हा जेथल्या तेथे येतो. लाभ शून्य.

मोकळ्या झालेल्या रस्त्याकडे नवी वाहने आकर्षित होतात, याला प्रेरित वाहतूक म्हणतात. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्ये शहरी द्रुतगती मार्गांबाबत हे मांडले. ब्रिटनमधील सल्लागार समितीने १९९४ च्या अहवालात रस्ते नवी वाहतूक निर्माण करतात हे मान्य केले. गिल्स ड्युरँटन व मॅथ्यू टर्नर यांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांच्या आकडेवारीवरून असे दाखवले की महामार्गांची लांबी वाढते जवळजवळ त्याच प्रमाणात वाहनांचा प्रवासही वाढतो. सोलापूरसारख्या दुचाकीप्रधान शहरात हे प्रमाण तेच असेल असे गृहीत धरता येणार नाही, पण शून्य धरणे त्याहून चुकीचे ठरते.

दुसरा बदल अंतराचा. वाहनांच्या धुरामुळे पडणारी भर रस्त्याच्या कडेला सर्वांत अधिक असते, पहिल्या काही दशक मीटरांत ती वेगाने उतरते आणि सुमारे १५० ते २०० मीटरांनंतर बहुतेक प्रदूषके परिसराच्या सर्वसाधारण पातळीला येतात. अमेरिकेतील हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट या संस्थेने २०१० च्या आढाव्यात मोठ्या रस्त्यांपासून ३०० ते ५०० मीटरपर्यंतचा पट्टा सर्वाधिक बाधित मानला आहे. मुलांमधील दमा बळावण्याशी वाहन-प्रदूषणाचा कार्यकारणसंबंध असल्याचा पुरावा तिने पुरेसा ठरवला. रुंदीकरणात घराची भिंत जागेवरच राहते आणि रस्ता तिच्याकडे येतो. पूर्वी ओटा, गटार, झाड आणि साइडपट्टी मिळून आठ मीटर असलेले अंतर दोन मीटरवर आले, तर एकही वाहन न वाढता त्या घरातील हवा बिघडू शकते. प्रकल्प अहवालांत सरासरी आकडे दिले जातात तेव्हा हा बदल त्यांत विरघळून जातो.

तिसरा बदल अनुकूल असू शकतो. दोन्ही बाजूंना उंच इमारती असलेल्या अरुंद रस्त्यात वारा छतांवरून निघून जातो आणि धूर खाली कोंडून राहतो. इमारतीची उंची आणि रस्त्याची रुंदी यांचे गुणोत्तर साधारण ०.७ च्या वर गेले की असे घडते. दहा मीटर उंचीच्या घरांमधील आठ मीटरचा रस्ता (गुणोत्तर १.२५) अठरा मीटर झाला, तर गुणोत्तर ०.५६ वर येते आणि वारा खेळू लागतो. मात्र रुंदीकरणानंतर त्याच रस्त्यावर वाढीव चटई क्षेत्र मिळून इमारती वीस मीटर उंच झाल्या, तर गुणोत्तर १.११ होऊन मिळालेला लाभ बहुतांशी परत जातो. प्रकल्पाचे मूल्यमापन आजच्या घरांवर न करता विकास नियंत्रण नियमांनी उद्या ज्यांना परवानगी मिळेल त्या इमारतींवर करणे म्हणूनच योग्य.

धुळीचा प्रश्न

सोलापुरात धूर आणि धूळ यांपैकी धुळीचा वाटा डोळ्यांना अधिक दिसतो. रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा अंदाज घेण्यासाठी अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेचे एक सूत्र जगभर वापरले जाते. त्यानुसार धूळ दोन गोष्टींवर ठरते : रस्त्याच्या प्रत्येक चौरस मीटरवर साचलेली बारीक माती (७५ मायक्रॉनच्या चाळणीतून जाणारी) आणि त्यावरून जाणाऱ्या वाहनांचे सरासरी वजन. मातीचा घातांक ०.९१ असल्याने रस्त्यावरील बारीक माती निम्मी केली की धूळ सुमारे ५३ टक्क्यांवर येते. वजनाचा घातांक १.०२ आहे, म्हणजे सरासरी वजन दुप्पट झाले की धूळही दुपटीहून किंचित अधिक होते.

यातून दोन गोष्टी निघतात. शंभर वाहनांत ९५ हलकी (सरासरी अर्धा टन) आणि ५ मालमोटारी (प्रत्येकी २० टन) असतील तर सरासरी वजन सुमारे दीड टन भरते. त्यांतील एक टन केवळ त्या पाच मालमोटारींचा असतो. त्यामुळे जड वाहने वळणरस्त्याने बाहेर काढणे हा शहरातील धूळ कमी करण्याचा, रुंदीकरणाहून अधिक परिणामकारक उपाय ठरू शकतो. दुसरी गोष्ट सावधगिरीची. हे सूत्र ज्या मोजमापांवर आधारले आहे त्यांत वाहनांचे सरासरी वजन १.८ टनांपेक्षा कमी नव्हते. दुचाकी आणि रिक्षा यांनी भरलेला भारतीय रस्ता त्या कक्षेबाहेर पडतो. रस्त्यावर चौकट आखून, झाडून किंवा यंत्राने ओढून घेतलेली माती प्रत्यक्ष तोलल्याशिवाय परदेशी तक्त्यातील आकडा वापरलेला अहवाल विश्वासार्ह मानता येत नाही.

रुंद रस्त्याची धूळ कमी होणार की वाढणार हे डांबराच्या किंवा काँक्रीटच्या रुंदीपेक्षा कडेच्या पट्टीवर अवलंबून असते. भिंतीपर्यंत फरसबंदी, गटार आणि पदपथ झाला तर मातीचा स्रोतच संपतो. केवळ मधला भाग रुंद करून दोन्ही बाजूंना मुरूम तसाच ठेवला, तर वाढलेल्या वेगाने ती माती अधिक उडते. दूरसंचार तारा, जलवाहिनी आणि मलवाहिनी यांसाठी नव्या रस्त्याचे वारंवार होणारे खोदकाम हे या बाबतीतले दुखणे सर्वपरिचित आहे.

सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेच्या २०२४ मधील पाहणीनुसार राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या निधीपैकी सुमारे ६४ टक्के खर्च रस्त्यावरील धूळ कमी करण्यावर झाला. शहरांची प्रगती मुख्यतः जाड धूलिकणांवर (पीएम १०) मोजली जात असल्याने हे ओघानेच आले. आरोग्यास अधिक घातक असलेले सूक्ष्म कण (पीएम २.५) प्रामुख्याने ज्वलनातून येतात, ते झाडूने जात नाहीत.

मूल्यमापनाची पद्धत

मूल्यमापनाची सुरुवात पायाभूत मोजणीने होते. पर्यावरणीय मंजुरीच्या प्रकल्पांत पावसाळा वगळून एका ऋतूतील, साधारणतः बारा आठवडे आठवड्यातून दोनदा, चोवीस तासांचे नमुने घेतले जातात. म्हणजे प्रत्येक ठिकाणचे सुमारे २४ नमुने. वार्षिक सरासरी काढण्यासाठी राष्ट्रीय मानकांत वर्षातून किमान १०४ नमुने अपेक्षित आहेत. १८ नोव्हेंबर २००९ रोजी अधिसूचित झालेल्या या मानकांत बारा प्रदूषके आहेत. रस्त्यांच्या दृष्टीने महत्त्वाच्या मर्यादा, मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर या एककात, अशा : पीएम १० साठी वार्षिक ६० व चोवीस तासांची १००, पीएम २.५ साठी ४० व ६०. नायट्रोजन डायऑक्साइडसाठी ४० व ८०. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक मर्यादा यांहून बऱ्याच कडक आहेत, पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा तेथे केवळ ५ आहे.

सोलापुरात ऋतूची निवड निर्णायक ठरते. पाऊस नुकताच संपलेला असताना हवा धुतलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते आणि धूर वर जात नाही. मे महिन्यात तापलेल्या जमिनीमुळे धूर वर चढून विरतो, पण वावटळी माती उचलतात. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेच्या काळात होम मैदानाजवळ यंत्र ठेवले तर ते रस्त्याची नव्हे, यात्रेची धूळ मोजेल. मोजणीच्या तारखा न देणारा अहवाल म्हणूनच फारसा उपयोगाचा नसतो.

वाहनगणनेलाही हेच लागू आहे. महामार्गांसाठी सलग सात दिवस चोवीस तास गणना करण्याची पद्धत आहे. ऊस गाळपाच्या हंगामात दुहेरी ट्रॉलींचे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या रस्त्यावर येतात व सगळ्या वाहतुकीचा वेग पडतो. जुलैमध्ये घेतलेल्या गणनेत ते दिसत नाहीत. कोजागरी पौर्णिमेच्या सुमारास तुळजापूर रस्ता पायी जाणाऱ्या भाविकांनी भरून जातो आणि वाहने अन्य मार्गांनी वळवली जातात. त्या आठवड्यातील आकडे वर्षाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत.

वाहनांची संख्या हाती आली की प्रत्येक प्रकाराला उत्सर्जन गुणांक लावतात. भारतीय वाहनांसाठी असे गुणांक पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेने प्रयोगशाळेत वाहने तपासून काढले आहेत. यानंतर विसरण प्रारूप वापरले जाते. भारतात कॅलिफोर्नियाच्या वाहतूक विभागाने १९८४ मध्ये तयार केलेले कॅलाइन-४ हे प्रारूप प्रचलित आहे. ते रस्त्याला धूर सोडणाऱ्या रेषाखंडांची मालिका मानते. रस्त्याची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना तीन-तीन मीटर एवढ्या पट्ट्यात धूर एकजीव होतो असे धरते. आणि वाऱ्याची दिशा, वेग व हवेची स्थिरता यांवरून ठरावीक ठिकाणची भर काढते. मोकळ्या मैदानातील रस्त्यासाठी ते ठीक चालते. पेठेतील गल्लीत, जेथे वारा भिंतींना आपटून फिरतो, तेथे त्याचे उत्तर फसवे असू शकते. शांत वाऱ्याच्या रात्रीही ते अडखळते, आणि सोलापूरच्या हिवाळ्यात अशा रात्री पुष्कळ असतात.

सर्वाधिक महत्त्वाचा टप्पा तुलनेचा आहे. पुष्कळ अहवालांत आजची हवा आणि प्रकल्पानंतरची हवा यांची तुलना केलेली आढळते. परंतु १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ मानकांची वाहने आली असून जुनी वाहने जसजशी मोडीत निघतील तसतसा प्रतिवाहन धूर आपोआप कमी होणार आहे. ही घट रस्त्याच्या खात्यावर जमा करणे गैर होय. योग्य तुलना एकाच भावी वर्षातील दोन चित्रांची असते : त्या वर्षी रुंदीकरण झालेले आहे आणि त्याच वर्षी ते झालेले नाही. तिसरे चित्र, म्हणजे रुंदीकरणाऐवजी वळणरस्ता, सिग्नलसुधारणा किंवा शहर बससेवा, अहवालात क्वचितच असते.

प्रभावित लोक

प्रारूपात ज्या ठिकाणांची हवा तपासली जाते त्यांत शाळा, रुग्णालये आणि घरे यांचा समावेश करण्याचा प्रघात आहे. सोलापूरसाठी ही यादी अपुरी पडते. शहराच्या पूर्व भागात यंत्रमाग कामगार आणि विडी कामगार मोठ्या संख्येने राहतात. विड्या वळणाऱ्या बहुतांशी स्त्रिया असून त्या हे काम घरीच, प्रकाशासाठी दारात किंवा ओट्यावर बसून करतात. तंबाखूची भुकटी त्यांच्या श्वासात आधीच असते. यंत्रमागाजवळ उभ्या राहणाऱ्या कामगाराच्या बाबतीत सुताचा तंतू असतो. ज्या ओट्यावर आठ-दहा तास काम चालते तो रुंदीकरणानंतर रस्त्याची कड होणार असेल, तर ते घर केवळ निवास न मानता कामाचे ठिकाण म्हणून मोजले पाहिजे. चौकातील फेरीवाले, रिक्षाचालक, वाहतूक पोलीस आणि बसथांब्यावरील प्रवासी हेही दिवसभर कडेलाच असतात.

बांधकामाचा काळ

रुंदीकरणाचे काम चालू असतानाचे प्रदूषण तात्पुरते म्हणून अहवालात दोन-चार ओळींत उरकले जाते. भूसंपादन, न्यायालयीन दावे आणि वाहिन्यांचे स्थलांतर यांमुळे शहरातील काम वर्षानुवर्षे रेंगाळते, तेव्हा तात्पुरते हा शब्द आपला अर्थ गमावतो. पाडलेल्या घरांचा राडारोडा, खडी व मुरुमाचे ढीग, उघड्या डंपरमधून सांडणारी माती आणि अर्धवट रस्त्यावरून चालू राहिलेली वाहतूक ही यातील प्रमुख कारणे होत.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २५ जानेवारी २०१८ च्या अधिसूचनेनुसार ज्या शहरांत धूलिकणांची मर्यादा ओलांडली जाते तेथे बांधकामाचे साहित्य रस्त्याकडेला उघडे ठेवणे, ते न झाकता वाहून नेणे आणि उघड्यावर घासकाम-कापकाम करणे यांस मनाई आहे. पर्यावरणीय मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पांत धूळ दाबण्यासाठी पाण्याचा फवाराही आवश्यक आहे. मनाईची बंधने मात्र पर्यावरणीय मंजुरीच्या प्रकल्पांपुरती मर्यादित नाहीत, त्यामुळे शहरातील रुंदीकरणाच्या बाबतीत नागरिकांच्या हाती असलेले ते सर्वांत थेट साधन आहे. सोलापुरात पाणी मारण्याच्या अटीला मात्र स्थानिक संदर्भ आहे. ज्या शहरात नळाला दररोज पाणी येत नाही तेथे रस्त्यावर टँकर रिकामा करण्याची अट कागदावर घालणे सोपे असते. प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तरतूद निविदेतच असणे श्रेयस्कर.

झाडे

जुन्या रस्त्यांकडेची कडुनिंब, वड आणि चिंच ही झाडे रुंदीकरणात प्रथम जातात. २०२१ च्या दुरुस्तीनुसार महाराष्ट्रात ५० वर्षे किंवा अधिक वयाच्या झाडांना वारसा वृक्ष मानले जाते आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याची तरतूद आहे. हवेच्या दृष्टीने झाडाचे काम दुहेरी असते. ते पानांवर धूळ धरते व सावलीमुळे पादचाऱ्याला दिलासा देते. पण अरुंद रस्त्यावर फांद्यांचे छत मिळून आले तर खालचा धूर अडतो. रस्ता व पदपथ यांच्यामधील कमी उंचीचे दाट कुंपण पादचाऱ्यांना अधिक उपयोगी पडते. शहराबाहेर लावलेली भरपाईची रोपे मूळ रस्त्याच्या हवेत काहीच बदल घडवत नाहीत.

पालखी मार्ग

सोलापूर जिल्ह्यातील रुंदीकरणाचे वैशिष्ट्यपूर्ण उदाहरण म्हणजे पंढरपूरला येणारे पालखी मार्ग. संत ज्ञानेश्वर महाराज पालखी मार्ग (राष्ट्रीय महामार्ग ९६५) आणि संत तुकाराम महाराज पालखी मार्ग (९६५ जी) यांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते दूरदृश्य प्रणालीद्वारे झाली. दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र पट्टी ठेवणे हे या आराखड्याचे वेगळेपण आहे.

या मार्गावरील सर्वांत मोठा प्रभावित समूह स्थिर नाही, तो चालत असतो. लाखो वारकरी आषाढात नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी अशा टप्प्यांनी रस्त्याच्या कडेने अनेक दिवस चालतात. त्यांत वृद्धांचे प्रमाण मोठे आहे. चालताना श्वसनाचा वेग वाढतो आणि तितक्याच हवेतून अधिक प्रदूषके फुप्फुसांत जातात. घर, शाळा, रुग्णालय असे ठिपके नकाशावर ठेवून केलेल्या गणितात हा समूह कोठेच बसत नाही. वारीचा काळ पावसाचा असल्याने धूळ कमी असते. परंतु सोबत चालणारी दिंड्यांची वाहने, पाण्याचे टँकर आणि मुक्कामाच्या ठिकाणच्या चुली यांचा धूर कडेच्या पट्टीवरच उतरतो. पट्टी मुख्य रस्त्यापासून किती मीटर दूर आहे, मध्ये झुडपांची रांग आहे की नुसता कठडा, या बारकाव्यांवर येथे हवेचा दर्जा ठरतो.

प्रकल्पानंतरची पडताळणी

पर्यावरणीय मंजुरी मिळालेल्या महामार्गांना अटींच्या पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी सादर करावा लागतो. त्यात हवेच्या मोजणीचे आकडे असतात, मात्र अंदाज केलेला आकडा आणि प्रत्यक्ष निघालेला आकडा शेजारी-शेजारी मांडण्याची सक्ती नाही. मंजुरीच्या कक्षेबाहेरील शहरी रस्त्यांसाठी अशा अहवालाची तरतूद नसल्याने तेथे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कायम केंद्रांवरच अवलंबून राहावे लागते. ही केंद्रे सहसा रुंद झालेल्या रस्त्यावर नसतात. नायट्रोजन डायऑक्साइड मोजणाऱ्या, विजेविना चालणाऱ्या साध्या नळ्या ब्रिटनमधील स्थानिक संस्था दिव्यांच्या खांबांना वर्षानुवर्षे लावत आल्या आहेत. त्या महिन्यातून एकदा बदलाव्या लागतात आणि प्रयोगशाळेत तपासल्या जातात. एखाद्या रस्त्याच्या कामापूर्वी वर्षभर आणि कामानंतर वर्षभर अशी मोजणी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या आवाक्यातील आहे.

सोलापूरला वातावरणाच्या अभ्यासाची परंपरा नवी नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने पर्जन्यछायेतील ढग व हवेतील सूक्ष्म कण यांच्या अभ्यासासाठी आणि कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी २०१८ व २०१९ मध्ये याच शहराची निवड केली होती. त्या प्रयोगात विमानांनी आणि रडारने मोजलेली हवा काही किलोमीटर उंचीवरची होती. रस्त्याकडेच्या मूल्यमापनात जमिनीपासून दीड मीटरवरची, म्हणजे माणसाच्या नाकाच्या पातळीवरची हवा मोजतात.